वरचं कुत्रं

"धिस इज अवर टॉप डॉग," मालक मुंबईच्या पाहुण्यांना म्हणाले आणि निसारच्या पाठीवर त्यांची थाप पडली. पाहुणे हसले. इंग्रजी न कळणारा निसारही हसला.

पाहुणे मोटारीत बसल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "डॉग म्हंजी कुत्रं की रं." फौंड्रीभर हशा पिकला.

निसार तडक ऑफिसात गेला. बाळासो कारकून टाइप करत बसला होता.

"बाळासो, मालक मला कुत्रं म्हणालं व्हय?"

"शिवी न्हाय ती. मोठेपणा हाय. कुत्र्यांची झुंज लावत्यात, त्यात जे दुसऱ्याच्या उरावर बसतंय ते टॉप डॉग. म्हंजी सगळ्यांवर मात केलेला गडी."

"आन खालचं?"

"खालच्याला कोण इचारतंय?"

उद्यमनगरातल्या त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत दोन टोळ्या होत्या. एकीचा मिस्त्री निसार, दुसरीचा पिराजी. दोघेही उचगावचे, एकाच उस्तादाच्या हाताखाली साचे भरायला शिकलेले. गणपती झाल्यावर मालकांनी जाहीर केलं, दिवाळीपर्यंत ज्याची टोळी जास्त माल काढील तो फोरमन. तेव्हापासून दोघांनी एकत्र भाकरी खाणं सोडलं. पिराजीच्या टोळीतल्या गुंडूच्या पायावर घाईघाईत लोखंडाचा रस सांडला. गुंडू ओरडत होता आणि निसारची टोळी साचे ओतत राहिली. आज आपला माल जास्त भरणार, म्हणून निसारला तेव्हा बरंच वाटलं होतं.

ते बरं वाटणं आता त्याला आठवलं आणि तोंडाला घाण चव आली.

दिवाळीनंतर मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"आता तू फोरमन. पहिलं काम सांगतो. पिराजीच्या टोळीला शनिवारी घरी पाठव."

"का, मालक?"

"आधी दोन टोळ्या काढायच्या तेवढा माल आता निम्म्या माणसांत निघतो. तूच दाखवलंस की."

निसारने कपाला हात लावला नाही. दोन महिने आपण कशासाठी घाम गाळला, ते त्याला आत्ता समजलं. मालकांच्या बोटांतल्या अंगठ्या, टेबलावरची देवाची तसबीर, चहावर धरलेली साय, सगळ्याचीच त्याला किळस आली. त्याहून जास्त स्वतःची.

"मालक, टॉप डॉग तुमीच म्हणालासा. झुंज बी तुमीच लावली. पर पडलेल्याला फाडायचं काम माझ्यानं व्हायचं न्हाय."

मालक रागावले नाहीत. "बरं," म्हणून त्यांनी फक्त बेल दाबली आणि आलेल्या शिपायाला सांगितलं, "पिराजीला आत पाठव."

पिराजी हो म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, हुसेनबीने ऐकलं आणि ती पिराजीला शिव्या घालू लागली. "तुमच्या ताटात जेवलेला माणूस तो."

"त्याला बोलू नगंस," निसार म्हणाला. "दोन म्हैनं मी बी त्येच करत हुतो. मला कळायला येळ लागला, एवढंच." त्याने ताट पुढे सरकवलं आणि न जेवताच उठला.

शनिवारी पिराजी नव्या पांढऱ्या शर्टात निसारच्या टोळीपुढे उभा राहिला. सोमवारपासून कामावर येऊ नका, हे त्याने भुईकडे बघत सांगितलं. कुणी वाद घातला नाही. म्हातारा आकाराम तेवढा खाली बसला. आता आपल्याला काम कोण देणार, असं तो निसारला विचारत राहिला.

"सोमवारी माझ्यासंगं चल," निसार म्हणाला. "दोघं मिळून इचारत फिरू."

मग टोळी हात धुवायला नळावर गेली. एरवी मिस्त्री पहिला हात धुई, बाकीचे थांबत. त्या दिवशी निसार बाजूला सरला. एकेकाला पुढे जाऊ देत राहिला. काळ्या वाळूचं पाणी त्यांच्या पायांवरून गटारीकडे वाहत होतं. आकारामने हात धुतल्यावर त्याला पुसायला आपला रुमाल दिला आणि मग सगळ्यांच्या शेवटी निसार नळाखाली वाकला.