रफूचा तारा

"हा तारा बघा, बाबा." संशोधक नोक्वाझीने जुनं पोस्टर मफिकाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. "यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. काळ्या माणसाच्या आशेचं प्रतीक."

मफिकाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध मूठ उगारलेली काळी बाई, आणि तिच्या खांद्यावर नखाएवढी पांढरी चांदणी.

तो खुदखुदून हसायला लागला. त्याची बायको थोलाकेले जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून आज पहिल्यांदा.

"पोरी, ती रफू आहे."

"काय?"

"नव्या पडद्याला मी सिगारेटने भोक पाडलं. बायको चार दिवस बोलली नाही माझ्याशी, मग रफू केलं. पुढे पोस्टर छापायला जाळीचं कापड मिळेना, दुकानांवर पोलिसांची नजर. तिने तोच पडदा चौकटीवर ताणला नि त्यातून शाई कागदावर दाबली. रफूतून शाई उतरेना, तेवढा ठिपका पांढरा राहिला. म्हणाली, मफिका, तुझा हा पराक्रम आता सगळ्या उमलाझी वस्तीत चिकटणार."

नोक्वाझीची पेन्सिल थांबली. डर्बनच्या विद्यापीठात ती तीन वर्षं या पोस्टरांवर संशोधन करत होती. गोऱ्यांच्या राज्यात अशा चित्रांवर कुणी सही करत नसे. सही म्हणजे तुरुंग. त्यामुळे तिच्या पुस्तकात या चित्राखालीही 'चित्रकार अज्ञात' एवढंच होतं, आणि सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं.

"बाबा, नुसत्या सांगण्यावर नाव नाही घालता येणार. पुरावा लागेल. ती चौकट आहे?"

"तिनेच जाळली."

"आणि पडदा?"

मफिकाने हनुवटीने खिडकी दाखवली. "रॉकेलने धुतला नि परत टांगला. छापा पडला तेव्हा एका गोऱ्या पोलिसाने तोच सारून परसात डोकावलं. ही चहा ओतत होती. हात हलला नाही तिचा."

नोक्वाझी धडपडत खुर्चीवर चढली. पोस्टर पडद्यामागे काचेला लावलं, जरा सरकवलं. रफू चांदणीवर बसली. विटक्या कापडातला जुन्या शाईचा पुसट डाग त्या बाईच्या खांद्यावर बसला, मग मुठीवर.

"जुळलं, बाबा! सगळं जुळलं." ती खुर्चीवरून उतरली. "आता नाव लागणार. फक्त... पडदा न्यावा लागेल. संग्रहालयात."

या पडद्याला त्याने सुनेलाही हात लावू दिला नव्हता. तो उठला, दोरी सोडली आणि थोलाकेले घालायची तशी घडी घातली, रफू वर ठेवून.

"ते आशेचं प्रकरण खोडते मी," नोक्वाझी म्हणाली.

"कशाला? राहू दे. ती ऐकून पोट धरून हसली असती. खाली रफूचंही लिही. आणि सिगारेट माझी होती, तेही."

नोक्वाझी घडी छातीशी धरून जवळजवळ पळतच गेली.

उघड्या खिडकीतून ऊन थेट आत आलं आणि थोलाकेलेच्या खुर्चीवर पडलं. मफिकाने थोडा वेळ बघितलं. मग खुर्ची उचलून सावलीत ठेवली.