बेलापूरच्या बाजारातलं रॅप

बेलापूरच्या आठवडी बाजारात भीमराज भांडी विकायचा. त्याचं ओरडणं एका ठेक्यात चाले, ‘ताट हाय, वाटी हाय, तांब्याची लोटी हाय, घरला न्ह्या की, बाय!’ गिऱ्हाईक हसत हसत थांबे.

तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या दयाबाई चर्चमध्ये गायच्या. त्यांचा भाऊ योसेफ श्रीरामपुरातल्या आपल्या दुकानात कॅसेटी भरून द्यायचा. शहाण्णव साली बाजारातलं ते ओरडणं ऐकून त्यानं भीमराजला माईकसमोर उभं केलं. मधे भीमराजचं भरधाव बोलणं, पुन्हा पुन्हा दयाबाईंचं धृपद: ‘येशील तर ये, चहा ठेवलाय.’

“ह्याला रॅप म्हणतात,” योसेफ म्हणाला.

“आमी तर ह्याला धंदा म्हन्तो,” भीमराज म्हणाला.

कॅसेट तुफान चालली. टेम्पोत, पानाच्या टपरीवर, नेवाशापर्यंत तेच गाणं. योसेफला दुकान बंद करायला फुरसत मिळेना.

चार महिन्यांनी मुंबईच्या एका कंपनीनं तेच गाणं दुसऱ्यांकडून गाऊन घेतलं. कॅसेटीवर ह्या दोघांचं नाव नव्हतं. ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, त्यामुळे ठेका दर ओळीला अडखळे. तरी ती राज्यभर खपली.

एका बाजारी भीमराज नेहमीसारखा ओरडत होता. एक माणूस म्हणाला, “कॅसेटीतलं चोरतो व्हय रं? अन् तेबी चुकीचं म्हन्तो!”

त्यानंतर भीमराज मुक्यानंच भांडी विकत राहिला.

शाळा सुटल्यावर दयाबाई पातेलं घ्यायला आल्या. “भीमराजभाऊ, आज आवाज का नाही?”

त्यानं झालेलं सांगितलं. “माजंच बोलनं मला चोरीचं झालं, बाई.”

दयाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मुलांचे पालक भाजी घेत होते. चर्चबाहेर लोकांसमोर त्या कधी गायल्या नव्हत्या. तरी त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि धृपद उचललं.

लोक वळले. त्यांनी धृपद दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा भीमराजला राहवेना. “ताट हाय, वाटी हाय...”

चोरी म्हणणारा तो माणूस अजून बाजारातच होता. तो पुढं आला. “आवं, आमच्या टेम्पोतली पयली कॅसेट तुमचीच का?”

“व्हय,” भीमराज म्हणाला. “ह्या बाईंची अन् माजी.”

“मंग नाव सांगा की मोठ्यानं!”

भीमराजनं आधी दयाबाईंचं नाव घेतलं, मग आपलं.

कंपनीची कॅसेट पुढंही जास्तच खपली. पण पुढच्या बाजारी भीमराजनं नवा ठेका धरला. दयाबाई पातेलं न घेताच ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्याला धृपद पाहिजे.”