सरकलेला जिना

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपर मोटर आहे. मोटर म्हटल्यावर तुम्ही रस्त्याकडे पाहिलंत ना? मी ती नव्हे. मी मुठीएवढी, चौकोनी, काळी. पंख्यासारखं गरगर फिरणं मला जमत नाही. मी एकेक पाऊल टाकत फिरते. थांबले तरी मला विसावा नसतो. जागा सुटू नये म्हणून अंग आवळून, गुणगुणत उभी राहते.

माझं तरुणपण एका कचेरीतल्या झेरॉक्स यंत्रात गेलं. ते मोडीत निघालं आणि मी भंगारवाल्याच्या टोपलीत पडले. तिथून मला एका मुलीने उचललं. ती पोटापाण्यासाठी दातांच्या कवळ्या बनवायची आणि घरी, मागच्या खोलीत, लाकूड कोरणारं यंत्र बांधत होती. डावी-उजवी चाल तिने माझ्यावर सोपवली.

तिला चैन पडत नव्हती. तिच्या आत्याची नजर अधू होत चालली होती, आणि आत्याला लवकरच नव्या घरी राहायला जायचं होतं. थोडंफार दिसतंय तोवर त्या घराचा फळीवर कोरलेला नकाशा आत्याच्या बोटांना पाठ व्हावा, असं मुलीच्या मनात होतं. भिंती उंच, दारं सपाट, जिन्याला खाचा.

यंत्र सुरू झालं. मी जीव तोडून धावले. पण मला वीज देणारी पेटी, म्हणजे ड्राइव्ह, एका खेळण्याएवढ्या यंत्राची होती आणि तिच्यामागचा पॉवर सप्लाय दिव्यांच्या माळेचा. वेग वाढला की माझं बळ सरायचं. मी थरथरायचे, पाऊल चुकायचं. मी कुठे पोचले आहे, हे मला कोणी विचारत नव्हतं. पुढचा हुकूम येऊन थडकायचाच.

नकाशा तयार झाला. आत्या त्यावर बोटं फिरवू लागली. "हे दार... हे स्वयंपाकघर... आणि हा जिना काय ग, न्हाणीघराच्या दारातच?"

मुलीने मूळ चित्राशी ताडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. जिना चांगलाच सरकला होता. आत्या यावर विसंबून चालली असती तर?

"मोटरच मरतुकडी आहे, ताई," तिचा भाऊ म्हणाला. घरात सगळे त्याला घाईराव म्हणत. "टाक काढून. मोठी आणू."

मोठी आली. मी खिळ्यांच्या डब्यात गेले. तिथून सगळं ऐकू यायचं. मोठी नुसतीच घरघरायची. घाईरावाने ड्राइव्हचा स्क्रू पिळून करंट वाढवला, तर ड्राइव्ह तापून मध्येच बंद पडू लागली. फळीमागून फळी वाया गेली.

एके दिवशी आत्या म्हणाली, "राहू दे ग. मी भिंत धरून चालेन."

मुलीने मला डब्यातून काढलं, पदराने धूळ पुसून माझ्यावरची अक्षरं वाचली आणि ड्राइव्ह शेजारी ठेवली.

"अरे, हिला जेवढा करंट लागतो, त्याच्या निम्माही ही ड्राइव्ह देऊ शकत नाही. आपण हिला उपाशी पळवत होतो!"

"आणि मोठी?"

"ती तर हिच्याहून खादाड!"

मग तिने मला पेलणारी ड्राइव्ह आणली. करंट माझ्या अंगावर लिहिलाय तेवढाच ठेवला, नाहीतर मी भाजून निघाले असते. वेगातही माझं बळ टिकावं म्हणून पॉवर सप्लाय जास्त व्होल्टचा घेतला, पण ड्राइव्हला सोसेल इतकाच. मी पुन्हा यंत्रावर चढले. घाईराव श्वास रोखून बटणापाशी उभा होता. मी पळाले, वळले, पुन्हा पळाले. एकही पाऊल चुकलं नाही. मुलीने मोजून पाहिलं. जिना जागच्या जागी होता.

नव्या घरातली हकिगत मला घाईरावाकडून कळली. आत्या भिंतीला हात न लावता चालत गेली, जिन्याच्या अलीकडे थांबली, पायाने कड चाचपली आणि म्हणाली, "आता मला खालची गल्ली कोरून दे. एकटीने फिरायला जायचंय."

मित्रांनो, एखादी चालता चालता अडखळली, तर तिला दुबळी ठरवण्याआधी बघा, तिला पुरेसं मिळतंय का. आणि वीज चालू असताना माझी तार कधी ओढू नका. ड्राइव्ह बिचारी जळून जाते. आणखीही सांगितलं असतं, पण गल्लीची फळी चढली आहे आणि मुलीचा हात बटणावर गेला आहे.