खांड पडली

वेणूबाईच्या तोंडी लागू नये, हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या नाक्यावर पंक्चरवाल्यापासून पोलीस जमादारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दुकान तिचं केवढं, तर चार बांबू, वर ताडपत्री आणि एका बाकड्यावर मांडलेले बोंबील, जवळा नि खारे बांगडे. पण त्या बाकड्यामागे बसून ती अख्ख्या जगाला फैलावर घ्यायची. आणि का घेऊ नये? सरकारने गावाची शेतं घेतली, मिठागरं घेतली, पलीकडे वाशीला इमारती चढवल्या, नळाचं पाणी तिकडे नेलं, आणि गावाच्या पदरात टाकला हा रस्ता. रस्त्याच्या पल्याड केमिकलच्या कंपन्या, अल्याड गाव, आणि मधून दिवसरात्र टँकर. दोन-तीन वर्षांमागे ह्याच रस्त्यावर तिच्या नवऱ्याला, हसुरामला, एका ट्रकने उडवलं. तिने दिवस घातले आणि मुद्दाम त्याच रस्त्याच्या कडेला दुकान मांडलं. घरच्यांनी नको म्हटलं, तर म्हणाली, "रस्ता कुनाच्या बापाचा नाय."

भोपाळ होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. कंपनीचा भोंगा जरा अवेळी वाजला तरी बाया पोरांना काखोटीला मारून दारात यायच्या. टँकर मात्र होते तसेच धावत होते. कुणाच्या पोटात काय आहे, ते कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारत नव्हतं.

त्या दुपारी वेणूबाईने नुकती भाकरी सोडली होती. तेवढ्यात ब्रेकचा किंकाळीसारखा आवाज आला. मान वर केली तर एक सायकलवाला रस्त्यात आडवा, आणि त्याला चुकवायला गेलेला टँकर गावाच्या बाजूच्या गटारात कलंडत चाललेला. धाडदिशी पडला. सायकलवाला उठला, कपडे झटकले, टँकरकडे एकदा बघितलं आणि सायकल घेऊन जो पळाला तो पळालाच.

टँकरच्या काचेतून ड्रायव्हर बाहेर आला. काळासावळा, तिशीतला, एक हात छातीशी धरलेला. त्याने गावाकडे बघितलं, गावातून येणारा आरडाओरडा ऐकला, आणि सरळ वेणूबाईच्या बाकड्याखाली, बारदानांच्या ढिगात शिरला.

"भाईर नीघ, मेल्या!" वेणूबाई ओरडली.

"मावशी, मारून टाकतील," आतून आवाज आला. बोली मराठवाड्याची. "पाया पडतो तुमच्या."

वेणूबाईच्या हाताशी बांगडे कापायचा कोयता होता. तो उचलला असता तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण तिने उचलला नाही, आणि का नाही उचलला, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं नाही.

गाव पोचलं. पुढे बंडू, तिचा पुतण्या. अंगाने दांडगा, डोक्याने तापट, मनाचा चांगला. टँकरच्या वरच्या झाकणातून काहीतरी गळत होतं, आणि त्यातून पांढरा धूर निघत होता. टाकीवर जुन्या रंगात अक्षरं होती, उन्हाने उडालेली पण वाचता येतील अशी. खाद्य तेल.

झालं! रेशनच्या दुकानात पामतेलासाठी रांगा लागायचे ते दिवस. दोन बाया लगेच डबे आणायला वळल्या. कुणीतरी म्हणालं, इंजिन तापलंय, धूर त्याचाच हाय, पेट घेईल नि तेल फुकट जाईल. बंडूने पदर खोचून उभ्या असलेल्या बायांना हाळी दिली, "पानी आना! बादल्या भरून आना!" गावाने हापशापासून रस्त्यापर्यंत माणसं लावली. असल्या कामाला आमच्या लोकांना वेळ लागत नाही हो, हां हां म्हणता बादल्या हातोहात पुढे यायला लागल्या.

वेणूबाईच्या नाकात तेव्हाच काहीतरी झोंबलं. तेलाला असला वास नसतो. ती बोलणार, एवढ्यात तिच्या पायाशी बारदानं हलली आणि तो ड्रायव्हर बाहेर आला. कुणी ओढला नाही. आपणहून आला. लपून राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि हे त्यालाही कळत होतं. तो गर्दीसमोर उभा राहून घसा फाडून ओरडला, "पाणी नका मारू! पाणी नका!"

पुढचं त्याला बोलूच दिलं नाही. "ह्योच! ह्योच ड्रायव्हर!" एवढं कुणीतरी म्हटलं मात्र, बंडूची पहिली लाथ बसली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. ड्रायव्हर खाली पडला, आणि पडूनही "पाणी... पाणी..." करत राहिला.

"पानी पायजे याला!" कुणीतरी हसलं.

ते हसू वेणूबाईच्या काळजात घुसलं. ती बाकड्याला वळसा घालून आली नाही, बाकडं उलथून आली. बोंबील, जवळा सगळं मातीत गेलं. ती गर्दीत घुसली, बंडूची कॉलर धरून त्याला मागे खेचला आणि ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना पाय रोवून उभी राहिली.

"लावा हात! आता लावा! बगते कोन मायचा लाल म्होरं येतो ते!"

"काकी, बाजूला हो," बंडू म्हणाला. "तुला तर जास्त राग यायला पायजे. काकाला अशाच एकानं मारला. त्याला मी सोडला नव्हता. खाडीपर्यंत पलवत नेला, चिखलात लोलवला."

"व्हय रं, लोलवलास!" वेणूबाईचा आवाज चिरकला. "सगलं गाव त्याच्या मागं पलालं. बापये पलाले, पोरं पलाली, बाया बगाया गेल्या. नि माझा मानूस हितं रस्त्याव पडला व्हता. जिता व्हता, बंड्या! डोकं माझ्या मांडीव व्हतं. मी वराडते, कोनी गारी आना, कोनी उचला. एक मानूस नव्हता हितं. त्यानं पानी मागितलं नि मना त्याला सोडून पानी आनाया जाता येईना. तुमी वाजत गाजत परत आलाव तवा तो गेला व्हता."

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. बंडू दर दिवाळीला तिला भाऊबीजेसारखी साडी आणून द्यायचा, आणि ड्रायव्हरला कसा धरला ते पुन्हा सांगायचा, आणि ती ऐकून घ्यायची. आज नाही ऐकलं.

वेणूबाई खाली वाकली. "नाव काय तुजं?"

"दत्तू."

"दत्तू, टाकीत काय हाय? खरं बोल. खोटं बोललास तर मीच तुजा जीव घेईन."

"ओलियम. तेजाबाचा बाप हाय, मावशी. तेलाची टाकी जुनी, मालकानं रंग नाही दिला. त्याला पाणी लागलं की उकळतंय, फुटतंय, असला धूर निघंल की श्वास घेता येणार नाही. कंपनीत भरताना दर खेपेला बजावतात. सुकी माती टाका. लांबून. आणि वारं पाठीशी ठेवा."

"मंग पानी पानी का करत व्हतास?"

त्याने छातीशी धरलेला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. "बाहेर निघताना उडालं. अंगावर पडलं तर पाणीच लागतंय. लई पाणी. जमिनीवर पडल्याला नाही."

"असं कसं?" एक जण म्हणाला. "हाताला चालतं नि त्याला नाय? बनवतोय आपल्याला."

"तुला शिकवायला येल नाय माज्याकडं," वेणूबाई म्हणाली. "बादल्या हिकडं आना! सगल्या! याच्या हातावर वता, थांबू नका."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वाशीचे नळ भरून वाहत होते आणि ह्या गावात हापशावर भांडणं व्हायची. एकेक बादली मोलाची. तरी पहिली बादली आली, मग दुसरी. दत्तू दातओठ खात बसून राहिला आणि हात पुढे धरून राहिला.

तेवढ्यात वेणूबाईचं लक्ष गटाराकडे गेलं. टँकरमधून गळणारं ते काळपट, दाट तेजाब गटाराच्या तळाने हळूहळू पुढे सरकत होतं. गटार जात होतं तलावाला. तलावाच्या काठावर शाळा, आणि शाळा भरलेली. आत्ता वारं खाडीकडून होतं, म्हणून धूर कंपन्यांच्या भिंतीकडे जात होता. पण थंडीचे दिवस. दिवस कलला की वारं डोंगरावरून फिरतं, हे गावात रांगत्या पोरालाही कळतं. ते तेजाब तलावाच्या पाण्यात उतरलं आणि वारं फिरलं, म्हणजे भोपाळ इथेच.

गाव मात्र अजून घुटमळत उभं होतं. कुणी म्हणे पोलिसांना कळवा, कुणी म्हणे पंचायतीत चला. दोघंतिघं दत्तूकडे अजून मुठी वळून बघत होते. समजावत बसायला वेळ नव्हता. वेणूबाईने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक घातली.

"खांड पडलीऽऽ! खांड पडलीऽऽ ओऽऽ!"

ही हाक गावात कित्येक वर्षांत उठली नव्हती. शेतं गावाची होती तेव्हा उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटायचा. बांधाला खांड पडली की कुणीतरी ही हाक द्यायचं, आणि मग भाऊबंदकी असो, कोर्टकज्जा असो, ताटावरचा माणूस हात न धुता उठायचा. हाक ऐकून घरात राहिला त्याच्याकडे पुढे कुणी लग्नाकार्याला जात नसे. शेतं गेली, बांध गेले, हाकही गेली असं सगळे समजून होते. पण ती गेली नव्हती. म्हातारे आधी हलले. मग त्यांची पोरं. बघता बघता घराघरांतून पावडी आली, घमेली आली. पाण्याच्या पाइपसाठी कंत्राटदाराने रस्त्याकडेला टाकलेला मुरूम होता, वाशीला पाणी न्यायच्या पाइपचा. वेणूबाईने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्या बापाचं काय जातं, उचला! टँकरच्या जवल कोनी जायाचं नाय. गटार हिकडं, म्होरं बांदा. वारं पाठीशी ठेवा. धूर फिरला तर सगलं टाकून पला. मातीसाठी जीव द्यायचा नाय!"

पोरांना शाळेतून काढून खाडीच्या काठाने कोपरखैरण्याकडे न्यायला तिने बायांना पिटाळलं. बंडूला म्हणाली, "तू पलतोस जोरात, तर आज पल. पेट्रोलपंपावरून बंबाला फोन कर. टँकर पडला एवढंच सांगू नको, नाव सांग. काय नाव?"

"ओलियम," बंडू म्हणाला.

"परत बोल."

"ओलियम."

"जा."

तो गेला, आणि तिच्याकडे न बघता गेला.

मिठागराची माणसं ती. बांध कसा घालायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. गटारात आडवा मुरूम पडला, दाबला, त्यामागे दुसरा थर, तिसरा. तेजाब आलं, बांधाला टेकलं, धुमसलं आणि थांबलं. एक म्हातारा खोकत बाजूला झाला, त्याची जागा दुसऱ्याने घेतली. बंब आले तेव्हा त्यांनी पाणी नाही आणलं, सुकी वाळू आणली, कारण काय सांडलंय ते त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी टँकर वाळूखाली पुरल्यासारखा केला आणि गळती बंद केली. वारं फिरलं तेव्हा गावावर नुसता वास आला. डोळे चुरचुरले, एवढंच.

मग जमादार आला. एवढा वेळ तो कुठे होता, विचारू नका. रस्त्यावर दोन्ही अंगांना गाड्यांची रांग लागली होती, कारण गावाने दगड लावून रस्ता बंद केला होता. जमिनीच्या आंदोलनात हे काम गाव चांगलं शिकलं होतं.

"चला, झालं ना आता? दगड उचला," जमादार म्हणाला. "आणि तो ड्रायव्हर कुठाय? त्याला घेतो मी."

"आदी त्याला दवाखान्यात न्यायचा. तुमच्या गारीतून," वेणूबाई म्हणाली. "नि त्याच्या अंगावर नवा वल दिसला तर गाव चौकीत यील. त्याचा मालक कंदी धरनार ते पन सांगा."

"ओ बाई, कायदा आम्हाला शिकवू नका. रस्ता मोकळा करा आधी."

वेणूबाईने आपलं उलथलेलं बाकडं उचललं. एकटीनेच. ते फरफटत आणलं आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध ठेवलं, हसुराम पडला होता तिथे. त्यावर ती बसली. समोरच रांगेतला पहिला टँकर उभा होता. टाकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ए दादा," तिने त्या ड्रायव्हरला हाक मारली. "पोटात काय हाय तुज्या गारीच्या?"

"मला काय माहीत, मावशी? मालकाला विचारा."

"मंग मालकाला बोलव. तवर गारी हितंच."

"तुम्हाला आत टाकावं लागेल, बाई," जमादार म्हणाला.

"टाका की!"

मागून कुणीतरी आलं आणि तिच्या शेजारी, बाकड्यावर जागा असूनही, खाली डांबरावर बसलं. बंडू होता. हाताला मुरूम, डोळे लाल. ते धुराने झाले होते की कशाने, तिने विचारलं नाही.

"काकी," तो हळूच म्हणाला, "काका अजून काय बोलला व्हता?"

"काय नाय. पानीच मागितलं."

बंडू उठला. हापशावर गेला, तांब्या भरून घेऊन आला. तिला वाटलं, आपल्यासाठी आणला. पण तो तिला ओलांडून जमादाराच्या गाडीत बसवलेल्या दत्तूकडे गेला आणि त्याच्या ओठांना तांब्या लावला. मग परत येऊन तो तिच्या पायाशी बसला आणि समोरच्या टँकरवाल्याला म्हणाला, "आयकलास ना? काय भरलंय ते सांग, नि जा."