भिंतीतला ठोका

सकाळचे अकरा वाजले होते आणि जनीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुरबाडहून रिक्षा भरभरून माणसं आली होती. सगळे कान नव्या न्हाणीघराच्या भिंतीला लागले होते, कारण ती भिंत बोलत होती.

"कोंडू, आलास काय?" मांत्रिक धोंडीबाबा गरजला.

ठक्!

शेकडो हात जोडले गेले. जनीनेही जोडले. तिचा नवरा कोंडू जाऊन वर्ष झालं होतं. हयातीत तो न्हाणीतून असाच काठीने भिंतीवर ठोका द्यायचा, की जनी ऊन पाणी घेऊन धावायची. गेल्या महिन्यात मुलाने, हरेशने, जुनी न्हाणी पाडून शॉवर बसवला आणि चार दिवसांत भिंतीत ठोके सुरू झाले. सोमवार-शुक्रवार धरणारी, पोथीचं पान वाचल्याशिवाय चहा न घेणारी जनी त्या ठोक्याला मनातल्या मनात 'आले हो' म्हणायला लागली होती.

"आमची लाइन थेट वरची! मधे एजंट नाय!" बाबा छाती ठोकत म्हणाला. "पितर तापलाय. सुनेची जीभ लांब, म्हनून तापलाय!"

सून वैष्णवी, भातसानगरची, खांबाला बांधलेली होती. तिचा गुन्हा एवढाच, की "आतला पाइप सैल असंल, गणूदादा प्लंबरला बोलवा," असं ती दोनदा म्हणाली होती. पहिल्यांदा हरेशने मुस्काटात मारली. दुसऱ्यांदा बाबाने चिंचेच्या फोकाने पाठ फोडली. ओठातून रक्त गळत होतं. चुलीत विळा लाल होत होता. जिभेला डाग दिला की पितर शांत होणार होता.

"म्हातारे, सुनेचा जबडा धर."

जनीने जबडा धरला. पोरीचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले. "आई, तुमी तरी," एवढंच ती म्हणाली.

जनीने नजर चुकवली, ती गेली अंगणातल्या नळाकडे. बाबाचा चेला नवसू तिथे पूजेचा तांब्या भरत होता. भरत होता म्हणजे काय, तांब्या काठोकाठ भरून पाणी वाहून चाललं होतं, तरी हा पठ्ठ्या नळ सोडत होता, बंद करत होता. थेंब सांडला तरी जनीचा जीव हळहळायचा.

"भरलेला तांब्या किती भरशील रे?"

नवसूने मान बाबाकडे वळवली. बाबा ओरडला, "कोंडू, जाळू काय हिची जीभ?"

नवसूने तोटी झटक्यात फिरवली.

ठक्!

जनीने जबडा सोडला. चालत गेली, नवसूला बाजूला ढकललं, नळ सोडला आणि झटक्यात बंद केला. ठक्! परत केला. ठक्! तोटीवर हात ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली. तिचा कोंडू दुसऱ्यांदा गेला होता, या वेळी तिच्याच हाताने.

"पाप लागंल, म्हातारे!"

"थांबा बाबा. मलाबी विचारू द्या की." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मालक, आपलं लगीन सिद्धगडावर झालं ना?" विचारत तिने नळ सोडून झटक्यात बंद केला.

ठक्!

"ऐका गो बायांनो. माझं लगीन शहापुरात झालं, माहेरच्या दारात. माझा मालक जिवंतपणी खोटं बोलला नाय. मेल्यावर शिकला काय?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबाचं टाळकं सरकलं. तापला विळा घेऊन तो वैष्णवीवर धावला. बांधलेल्या पोरीने मान वळवली आणि त्याच्या मनगटाचा लचका तोडला. किंचाळत त्याने विळा टाकला. ओल्या फरशीवर तो चर्रर्र झाला.

जनीने कोपऱ्यातली पहार उचलली. न्हाणीच्या भिंतीवर घाव घातला. फरशा उडाल्या, विटा ढासळल्या, धूळ डोळ्यांत गेली, तरी ती घाव घालतच राहिली. सुनेच्या पाठीवर पडलेला एकेक फोक जणू ती भिंतीला परत करत होती.

आत पाइप लोंबकळत होता. त्याला भिंतीशी आवळून धरणारा एकही क्लॅम्प नव्हता.

गर्दीतून प्लंबर गणू पुढे आला, मान खाली घालून. "क्लॅम्प संपले व्हते, मावशे. म्हटलं प्लास्टर धरंल. अंगणातला नळबी ह्याच पाइपावर हाय, टेकडीवरच्या टाकीचं पाणी जोरात येतं. तोटी एकदम बंद केली की अडतं, धक्का मारतं, आनि सैल पाइप विटेवर आपटतो. पहिल्यांदा आला तवा पाय धुताना नवसूला ठोका ऐकू आला असंल, तिथंच त्याला मेख कळली."

"हे म्हाईत व्हतं, तर पोर मार खात व्हती तवा तोंड का नाय उघडलंस?"

"समदे हात जोडून व्हते..."

आता तेच हात दगड शोधू लागले. जनी बाबाच्या पुढे आडवी उभी राहिली. "मारू नका. मारून भूत निघत नाय, तसं शहाणपणबी येत नाय. पोलिसांना फोन करा, ते येस्तोवर बसवून ठेवा."

हरेशने दोर सोडला, पाण्याचा पेला पुढे केला. वैष्णवीने तो घेतला नाही. सासूने दिला तेव्हा घेतला.

दुपारी गणूने चार क्लॅम्प ठोकले, भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी जनीने आंघोळ करून नळ बंद केला. भिंत गप्प होती. तिने डोळे पुसले, दिवा लावला आणि पोथी उघडली. रोजच्यासारखीच.

त्यानंतर कोणी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं, की ती एवढंच सांगते, "देवाला खुशाल हात जोडा. पण भिंत बोलायला लागली तर आधी पाइप बघा. आनि सून बोलायला लागली, तर आधी ऐका."