काकीचा पाट

कुंडलच्या धनपालला दोन काक्या होत्या. एक गुणमाला काकी, जिनं त्याला वाढवलं, आणि दुसरी विहिरीच्या कडेला उभी होती, जिला तो वाढवत होता. पहिली बोलायला लागली की थांबत नसे आणि दुसरी फळाचं नाव काढत नसे. दोघींपायी आमचा माणूस अर्धा झाला, असं त्याची बायको राजमती म्हणे. पोटाकडं बघून तसं काही वाटत नव्हतं.

झाडाचं काकी हे नाव धनपालनं ठेवलेलं नव्हतं. लढाई सुरू झाली त्या साली तो गुळाच्या ढेपा घेऊन पाचगणीला गेला होता. तिथं एका साहेबाच्या बागेत हे झाड दिसलं. पान म्हणून नाही, आणि उघड्या फांद्यांना शेंदरी फळं लटकलेली, टोमॅटो झाडावर चढून बसल्यासारखी. धनपाल ढेपा विसरला. बागेतल्या हरी माळ्यानं त्याला कलमाचं एक रोप दिलं आणि हे जपानी फळ आहे, ह्याला काकी म्हणतात, एवढं सांगितलं. पुढं जपान लढाईत उतरला. भूमिगतांना हुडकत पोलीस रानात शिरले आणि हे कसलं झाड म्हणून जमादारानं दरडावलं, तेव्हा जपानी हा शब्द धनपालनं गिळून टाकला. काकी हाय, एवढंच म्हणाला. जमादारानं खोपीतून डोकावणाऱ्या गुणमाला काकीला रामराम घातला आणि पुढं गेला.

झाड उभं होतं ती पट्टी खऱ्या काकीची, म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या वाटणीची होती. धनपालची आई तो रांगत असतानाच गेली. काकीला मूलबाळ झालं नव्हतं. तिनं ह्याला उचलून कडेवर घेतलं आणि तेव्हापासून शिव्या देत देत जेवू घातलं.

ह्या झाडाचे धनपालनं जे लाड केले ते बायकोचेही केले नाहीत. शेणखत काय, पेंड काय, उसाला पाणी कमी पडलं तरी चालेल पण झाडाचं आळं कोरडं पडायला नको. रोज उजाडलं की, "काकीचा पाट लावून येतो," म्हणत तो विहिरीवर जाई. झाड माजलं. हिरवंगार, ढेरपोटं, पानांनी गच्च. उन्हाळ्यात चार फुलं यायची, बोराएवढी फळं धरायची आणि गळून जायची. कुणी म्हणालं, कुऱ्हाड दाखवून दम द्या. जैनाच्या घरात झाडावर घाव घालता येत नाही, पण धमकीला मनाई नाही, असा विचार करून धनपालनं कुऱ्हाडही दाखवली. झाडानं आणखी पानं काढली. देश स्वतंत्र झाला, पण काकीला फळ आलं नाही.

शेवटी कडेगावच्या बाजारात त्याचा दोस्त सयाजी भेटला. पपईत नर-मादी असते, तसं ह्या झाडाचंही असेल, असं सयाजीचं मत पडलं. धनपालला ते पटलं. पण सयाजीला कमी ऐकू यायचं, त्यामुळं धनपालला भर बाजारात ओरडून सांगावं लागलं, "आमच्या काकीला एखादा नर बघ गड्या. पाट लावून लावून दमलो, पन इतकी वर्सं झाली, तिला फळ न्हाई."

आता पाट म्हणजे पाण्याचा पाट, हे विहिरीवर सांगावं लागत नाही. पण विधवेचं दुसरं लग्न लावतात त्यालाही पाटच म्हणतात, आणि बाजारात विहीर नसते.

आठवड्याच्या आत आप्पासो नावाचे एक विधुर गृहस्थ डोक्याला नवा पटका बांधून, पेढ्यांचा पुडा घेऊन धनपालच्या सोप्यात येऊन बसले. पाटाचं कसं काय करायचं, असं त्यांनी घसा साफ करत विचारलं. धनपालला वाटलं, पाहुणे बागाईतदार दिसतात. पाट रोज सकाळी मी स्वतःच लावतो, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. आप्पासोंनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. पटका सारखा करून ते म्हणाले, फळ न्हाई म्हणून आमी ऐकलंय, पन आमाला चार पोरं हायतच, आमची काय तक्रार न्हाई.

तेव्हा कुठं धनपालच्या डोक्यात प्रकाश पडला. आतल्या दाराशी सूप घेऊन बसलेल्या काकीच्या डोक्यात तो आधीच पडला होता.

काकीनं आप्पासोंना नीट वाटेला लावलं, पेढे परत दिले, पटका छान बांधलाय असंही सांगितलं. मग ती धनपालकडं वळली. तो हातापाया पडून झाडाचं सगळं सांगत होता. तिनं ऐकून घेतलं. तिच्या तोंडून शिवी आली नाही, तिथंच प्रकरण अवघड आहे हे धनपालला कळलं.

"झाडालाच म्हनालास, ठावं हाय मला," काकी म्हणाली. "पन ऐकनाऱ्याला ते माझंच वाटलं. एवढं बरोबर बसलं व्हय रं मला?"

त्याच दिवशी तिनं गाठोडं बांधलं आणि रानातल्या खोपीत राहायला गेली. जाता जाता विहिरीच्या पाटाचं तोंड चिखलानं बुजवलं आणि वर धोंडा ठेवला. माझ्या पट्टीत ह्यापुढं कुणाचा पाट लागणार न्हाई, असं तिनं मोटेवरच्या गड्याला बजावलं.

धनपालचं घर गप्प झालं. तो रोज दिवस मावळायच्या आत भाकरी घेऊन खोपीकडं जाई, आणि काकी दारातूनच ती परत पाठवी. खोपीत तिची चूल वेगळी धुमसत असे. झाड वाळलं तरी त्याला आता पर्वा नव्हती. काकीनं घरी यावं आणि एकदा तोंडभर शिव्या द्याव्यात, एवढंच त्याला हवं होतं.

झाडानंही अन्न सोडलं. खत नाही, पाणी नाही. थंडीत त्याची होती नव्हती ती पानं झडली आणि पहिल्यांदाच ते पाचगणीच्या झाडासारखं उघडं पडलं. मेलं, असं सगळे म्हणाले. शिमगा झाला आणि फांद्या फुटल्या, त्याही फुलं घेऊन. फळं धरली आणि ह्या खेपेला गळाली नाहीत. लाडानं जे झालं नाही ते काकीच्या रागानं झालं. दसऱ्यापर्यंत फांद्या वाकल्या. खोपीच्या दारात हे सगळं घडत होतं आणि काकी तिकडं पाठ करून बसत होती.

दिवाळीच्या तोंडावर धनपाल राजमतीला घेऊन रानात गेला. बातमी लागून सयाजीही कडेगावहून आला होता. धनपालनं एक शेंदरी फळ तोडून राजमतीपुढं धरलं. अनोळखी फळ खायचं नाही असा आपला नेम आहे, म्हणून तिनं तोंड फिरवलं. नावानिशी ओळखतो की, अनोळखी कसलं, असं म्हणून धनपालनं फळाचा मोठा लचका तोडला.

फळ दिसायला पिकलेलं होतं, पण हाताला कडक होतं. जीभ टाळूला चिकटली. गाल आत गेले, ओठांची मोट बांधली गेली. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसता फू फू असा आवाज निघाला आणि डोळ्यांतून पाणी. आवाज ऐकून काकी बाहेर आली. त्याला तिची माफी मागायची होती. तिच्यासमोर हात जोडून तो पुन्हा फू फू म्हणाला.

सयाजीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. झाडाकडं बघत तो ओरडला, "आली म्हनायची फळं काकीला!"

काकी धनपालच्या वाकड्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, असं की खोपीचा खांब धरावा लागला. पदरानं तिनं आधी स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याची हनुवटी.

"काकीला फळ पस्तीस वर्सांमागंच आलंया," ती सयाजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "हे काय समोर हुबं हाय. अजून तुरट हाय मुडदं, पन आढीत घातलं की पिकंल."

धनपालला बोलता येत नव्हतं ते बरंच झालं. काकीनं पाटावरचा धोंडा पायानं ढकलला, गाठोडं राजमतीच्या हातात दिलं आणि घराची वाट धरली. दिवस मावळायच्या आत ती जेवायला बसली, आणि आमटी बेचव झाल्याचं तिनं राजमतीला पहिल्याच घासाला सांगितलं.