चार दिवसांची सुट्टी

अकोल्याच्या क्लासमध्ये गजेंद्र सरांचं एक वाक्य पोरांना तोंडपाठ होतं. कुणाला टेस्टमध्ये मार्क कमी पडले, कुणी बाकावर डुलकी काढली, की सर माइकवरून म्हणायचे, "जमत नसन तर गावाले जा अन् रोडगे भाजत बसा!" दीडशे पोरं खो खो हसायची. ज्याला बोललं तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

आणि आज तेच सर रिद्धपूरच्या वाटेवर एका वावरात, कडुलिंबाखाली उकिडवे बसून गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे रोडगे भाजत होते. कपाळाला राख, हातात चिमटा. आता या माणसाला सर म्हणावं की नाही, हाही प्रश्नच होता.

झालं असं की सहा वर्षं पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत केमिस्ट्री शिकवून, दिवाळीनंतरच्या एका सोमवारी गजेंद्रने फळ्यावर अर्धं समीकरण लिहिलं आणि पुढचं त्याला सुचेना. झोपेत सोडवावं इतकं सोपं समीकरण. पाच मिनिटं तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग खडू खाली ठेवला, तडक स्टँड गाठला आणि अमरावतीची एसटी धरली. घरी बायकोने, सीमाने, का आलात म्हणून विचारलं नाही. ताट वाढलं, खोलीत पंखा लावून दिला आणि दार ओढून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी आणि झोप जास्त लिहून दिली. तो झोपला, उठला, पुन्हा झोपला. असे तीन महिने गेले. गल्लीत मात्र त्याने ठोकून दिलं होतं, "पुस्तक लिहून राहिलो." त्या पुस्तकाचं एक पान कुणी पाहिलं असेल तर शपथ.

शेजारचे महादेवराव एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कुणाच्याही वावरात रोडग्यांची पंगत असली की त्यांनाच बोलावणं यायचं. माघात एकदा ते दारात येऊन म्हणाले, "रिकामा बसून काय करून राहिला बापा? चाल." पहिल्याच दिवशी गजेंद्रने घाई केली. गोवऱ्यांचा धूर जायच्या आत त्याने कणकेचे गोळे आत लोटले. वरून कोळसा, आतून कच्चे! सगळी खेप बैलांच्या पुढे गेली. महादेवराव रागावले नाहीत. म्हणाले, "धूर आहे तोवर नुसतं बसून राह्यचं. बसणं हेबी कामच हाय." तेव्हापासून तो बसायला शिकला. त्याला ते आवडायलाही लागलं होतं, आणि आवडतं याचीच त्याला भारी लाज वाटायची. दीडशे पोरं अर्ध्या सिलॅबसवर टाकून आपण इथे राखेपाशी सुखात बसलोय, हे काही त्याच्या मनातून जात नव्हतं.

आजची पंगत नव्या विहिरीला पाणी लागलं म्हणून होती. पन्नासेक माणसं आली होती. वांग्याची भाजी रटरटत होती आणि गजेंद्र गोवऱ्यांच्या रसरशीत आरावर रोडगे पालटत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर! ओयखलं काय जी? मी सूर्यभान, करिश्माचा बाप!"

ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. सूर्यभानच्या मागे, पत्रावळ्यांचा गठ्ठा छातीशी धरून करिश्मा उभी होती. ऑगस्टमध्ये हीच पोरगी क्लास सुटता सुटता टेबलापाशी आली होती. "सर, चार दिवस घरी जाऊ काय? झोपच येत नाही." माइक चालूच होता. गजेंद्रने तिच्याकडे न बघता आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं. वर्ग हसला, तीही हसली. महिनाभराने ती होस्टेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडली आणि बाप तिला घेऊन गेला.

सूर्यभानने चारचौघांना हाका मारून जवळ बोलावलं. "हे अकोल्याचे मोठे सर बरं काय! इतका मोठा माणूस, पण पाहा, हाताले राख लागली तरी लाज नाही. याहीनं लय शिकवलं, पण आमची पोट्टीच कमजोर निंगाली. मी रोज सांगतो तिले, सर सोता राबत होते अन् तू पयून आली. सर, तुमीच दोन शब्द सांगा तिले."

करिश्माने नजर उचलली. तिला सगळं ठाऊक होतं. सर वर्गातून उठून गेले ही बातमी मैत्रिणींनी तिला कळवली नसेल हे शक्यच नाही. म्हणजे इतके महिने बापाची बोलणी खात ती गप्प राहिली होती. गजेंद्रच्या कानशिलांना चटका बसला, आणि तो विस्तवाचा नव्हता.

पुस्तकाचं वाक्य जिभेवर तयारच होतं. सुट्टीवर आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सूर्यभानभाऊ," तो म्हणाला, "मी पयालो."

सूर्यभान हसला. सर गंमत करून राहिले असंच त्याला वाटलं.

"खरं सांगतो. पुस्तकबिस्तक काही नाही. वर्ग चालू असताना उठलो अन् घरी आलो. झोप येत नव्हती. हिलेबी तसंच झालं होतं. हिनं निदान येऊन सांगतलं तरी. मी तर बायकोलेबी सांगतलं नव्हतं. अन् ही सांगाले आली तं मी माइकवर तिची टिंगल केली. कमजोर ती नाही."

महादेवराव विस्तवाकडे बघत राहिले. सूर्यभानचं हसू हळूहळू उतरलं.

"मंग मी सहा महिने हिले काय बोलून राहिलो, सर?"

सूर्यभान लेकीकडे वळला. मग तिच्या हातातला पत्रावळ्यांचा गठ्ठा काढून घेतला. "तू बस माय. मी मांडतो."

करिश्मा वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली. आराकडे बघतच ती हळू आवाजात म्हणाली, "मी चारच दिवस मागतले होते, सर."

माफी मागावी असं गजेंद्रला वाटलं. त्याने नुसती मान हलवली. महादेवराव ओरडले, "अबे, रोडगे करपून राहिले!" तेव्हा त्याने चिमटा पुढे केला. एक बाजू काळी झाली होती. ते रोडगे त्याने बाजूला, आपल्यासाठी ठेवले.